डॉक्टर निवडण्याचे स्वातंत्र्य आणि सामुदायिक वैद्यकव्यवसाय : अमेरिकेतील एका वादाचा इतिहास (१८८९–१९४३)

१

आजारी पडलेल्या माणसाने कोणत्या डॉक्टरकडे जावे, हा प्रश्न वरकरणी इतका घरगुती स्वरूपाचा आहे की, इतिहासाच्या अभ्यासकाने त्याची दखल घ्यावी असे त्यात काही असेल, हे सहसा कोणाच्या मनात येत नाही. शेजाऱ्याला विचारावे, नात्यातल्या वडीलधाऱ्यांचा अनुभव जमेस धरावा आणि जवळचा दवाखाना गाठावा, अशीच बहुतेकांची रीत असते. परंतु अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात याच प्रश्नावरून जो वाद माजला तो अखेर त्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. अनेक डॉक्टरांनी एकत्र येऊन, एका छपराखाली, समाईक साधनांनी व समाईक उत्पन्नावर व्यवसाय करावा काय, हा त्या वादाचा विषय होता. आणि या पद्धतीला विरोध करणाऱ्यांचे मुख्य घोषवाक्य होते, ‘रोग्याला डॉक्टर निवडण्याचे स्वातंत्र्य’. हे स्वातंत्र्य प्रत्यक्षात कितपत अस्तित्वात होते आणि त्याच्या नावाखाली कोणाच्या हितसंबंधांचे रक्षण होत होते, याचा विचार प्रस्तुत निबंधात करावयाचा आहे.

२

वादाची पार्श्वभूमी ध्यानात येण्यासाठी प्रथम एकोणिसाव्या शतकाकडे वळले पाहिजे. १८३० ते १८५० या काळात अमेरिकेतील बहुतेक राज्यांनी वैद्यकव्यवसायाच्या परवान्यांचे जुने कायदे रद्द केले किंवा ते निष्प्रभ होऊ दिले. कोणत्याही धंद्याची मक्तेदारी ही लोकशाहीशी विसंगत आहे, अशी त्या काळची धारणा होती. परिणामी महाविद्यालयात शिकलेले डॉक्टर, होमिओपाथ, वनस्पतींच्या औषधांचे पुरस्कर्ते आणि निव्वळ भोंदू हे सर्वजण एकाच बाजारात उभे राहिले. निवडीला मोकळीक अमर्याद होती. निवडीचे साधन मात्र काहीच नव्हते.

अमेरिकन मेडिकल असोसिएशनची स्थापना फिलाडेल्फिया येथे १८४७ साली झाली. त्याच वर्षी तिने स्वीकारलेल्या नीतिनियमांत डॉक्टराने जाहिरात करणे हे व्यवसायाच्या प्रतिष्ठेस कमीपणा आणणारे ठरविण्यात आले. भोंदूंपासून आपले वेगळेपण राखण्याचा हा उपाय होता आणि त्यामागील हेतूबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. तथापि त्याचा एक परिणाम असा झाला की, सचोटीच्या डॉक्टरांविषयी लोकांना माहिती मिळण्याचा मार्गही बंद झाला. पुढे परवान्यांचे कायदे पुन्हा आले आणि १८८९ साली सर्वोच्च न्यायालयाने वेस्ट व्हर्जिनिया राज्याच्या अशा कायद्यावर मान्यतेची मोहोर उठविली. १९०१ साली असोसिएशनची पुनर्रचना झाली. कौंटीची, म्हणजे जिल्ह्याची, वैद्यकसंस्था हा तिचा पाया ठरला. ज्याला राष्ट्रीय संस्थेचे सदस्यत्व हवे त्याने आधी जिल्ह्याच्या संस्थेत प्रवेश मिळविला पाहिजे, असा नियम झाला. १९०० साली सुमारे आठ हजार असलेली सदस्यसंख्या १९१० साली सत्तर हजारांच्या घरात गेली. १९०६ साली असोसिएशनने देशातील डॉक्टरांची पहिली सूची प्रसिद्ध केली आणि १९१० साली अब्राहम फ्लेक्स्नर यांनी अमेरिका व कॅनडा येथील १५५ वैद्यकीय शाळांची पाहणी करून लिहिलेला अहवाल बाहेर पडला. त्यानंतर निकृष्ट शाळा झपाट्याने बंद पडल्या.

या सुधारणांचे श्रेय असोसिएशनला दिलेच पाहिजे. शिकलेला डॉक्टर कोणता आणि भोंदू कोणता, हे ओळखणे रोग्याला आता शक्य झाले. परंतु दोन शिकलेल्या डॉक्टरांपैकी कोणाकडे जावे, हे ठरविण्याचे साधन त्याच्याजवळ पूर्वीप्रमाणेच नव्हते. शिवाय याच काळात शस्त्रक्रिया, क्ष-किरण, प्रयोगशाळेतील तपासण्या, नेत्ररोग, बालरोग अशा शाखा वेगळ्या होऊ लागल्या होत्या. आपल्याला कोणत्या शाखेचा डॉक्टर हवा, हेच रोग्याला ठाऊक नसेल, तर त्याने निवड तरी कशी करावी? सामुदायिक व्यवसायाचा उगम या अडचणीत आहे.

३

या पद्धतीचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण मिनेसोटा राज्यातील रॉचेस्टर या लहानशा गावी घडले. विल्यम वॉरल मेयो हे इंग्लंडात जन्मलेले डॉक्टर यादवी युद्धाच्या काळात, सैन्यभरतीच्या तपासणीचे काम घेऊन, येथे आले व स्थायिक झाले. २१ ऑगस्ट १८८३ रोजी भयंकर चक्रीवादळाने गावाचा मोठा भाग उद्ध्वस्त केला. जखमींच्या शुश्रूषेत फ्रान्सिस्कन पंथाच्या जोगिणींनी मदत केली आणि त्यांच्या प्रमुख मदर आल्फ्रेड यांनी पुढे रुग्णालय बांधण्याचा आग्रह धरला. ते सेंट मेरीज रुग्णालय १८८९ साली सुरू झाले. वडील मेयो व त्यांचे दोन पुत्र, विल्यम आणि चार्ल्स, हे तेथील पहिले डॉक्टर. या कुटुंबाने पुढे बाहेरच्या डॉक्टरांना भागीदार करून घेतले आणि प्रत्येकाकडे वेगवेगळी शाखा सोपविली.

या रचनेतील सर्वांत महत्त्वाचा बदल मात्र शस्त्रक्रियेच्या खोलीत घडला नाही. तो कागदपत्रांच्या कपाटात घडला. १९०१ साली मेयोंकडे आलेल्या हेन्री प्लमर यांनी १९०७ पासून प्रत्येक रोग्याला एक क्रमांक देऊन त्याची सर्व टिपणे एकाच ठिकाणी ठेवण्याची पद्धत सुरू केली. तत्पूर्वी प्रत्येक डॉक्टर आपली वही स्वतंत्रपणे लिहीत असे, म्हणजे रोगाची हकीकत ही त्या डॉक्टरची जणू खासगी मालमत्ता होती. प्लमर यांच्या पद्धतीत ती रोग्याबरोबर एका डॉक्टराकडून दुसऱ्याकडे जाऊ लागली. रोगी आता ‘अमक्या डॉक्टरचा’ राहिला नाही. तो संस्थेचा झाला. त्याला कोणत्या विशेषज्ञाने पाहावे, हे सहकारी डॉक्टर परस्परांत ठरवू लागले. निवडीचे ओझे रोग्याच्या शिरावरून उतरून जाणत्यांच्या हाती गेले, असे याचे वर्णन करता येईल. १९१९ साली मेयो बंधूंनी संस्थेची मालमत्ता एका विश्वस्त मंडळाच्या स्वाधीन केली व डॉक्टर पगारावर काम करू लागले.

पहिल्या महायुद्धात अनेक अमेरिकन डॉक्टरांना लष्करी रुग्णालयांत एकत्र काम करण्याचा अनुभव मिळाला आणि १९१८ नंतर असे गट वाढू लागले. ते मुख्यतः मध्य-पश्चिमेकडील लहान शहरांत निघाले, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. पूर्व किनाऱ्यावरील मोठ्या शहरांत जुनी रुग्णालये व वैद्यकीय महाविद्यालये होती. तेथील विशेषज्ञांना गटाची निकड भासत नव्हती. जेथे अशा संस्था नव्हत्या तेथे गट हीच संस्था बनली.

४

केवळ डॉक्टरांनी एकत्र येण्याला व्यवसायातून विरोध झाला, पण तो बेताचा होता. मेयो बंधूंचा तर व्यवसायात मोठा आदर होता. विल्यम मेयो हे १९०६–०७ मध्ये असोसिएशनचे अध्यक्षही होते. वादाला तीव्र धार आली ती पैशाचा प्रश्न निघाल्यावर. दर भेटीला फी घेण्याऐवजी सभासदांकडून ठराविक वर्गणी आगाऊ घ्यावयाची आणि त्या बदल्यात वर्षभर उपचार करावयाचे, ही पद्धत गटांच्या व्यवसायाला जोडली गेली. वॉशिंग्टन राज्यातील टाकोमा येथे एका दवाखान्याने १९१० च्या सुमारास लाकूडकटाईच्या कामगारांसाठी दरमहा पन्नास सेंट वर्गणीवर अशी सोय केली होती. १९२९ साली लॉस एंजेलिसमध्ये डोनाल्ड रॉस व क्लिफर्ड लूस या दोन डॉक्टरांनी शहराच्या पाणी व वीज खात्याच्या नोकरांशी दरमहा दोन डॉलर वर्गणीचा करार केला. काही वर्षांतच त्यांच्या वर्गणीदारांची संख्या बारा हजारांवर गेली. १९३४ साली जिल्ह्याच्या वैद्यकसंस्थेने दोघांनाही काढून टाकले. वरिष्ठ संस्थेकडे अपील केल्यावर ते पुन्हा आत आले.

ओक्लाहोमा राज्याच्या पश्चिम भागातील एल्क सिटी येथील प्रकरण अधिक बोलके आहे. मायकेल शदीद हे लेबनॉनमध्ये जन्मलेले व दारिद्र्यातून वर आलेले डॉक्टर. शेतकऱ्यांनी प्रत्येकी पन्नास डॉलरचा भाग घेऊन सहकारी रुग्णालय उभारावे आणि तेथे वेगवेगळ्या शाखांचे डॉक्टर पगारावर नेमावेत, अशी योजना त्यांनी १९२९ साली मांडली. शेतकरी संघटनेच्या पाठिंब्याने ते रुग्णालय १९३१ साली उघडले. शदीद हे जिल्ह्याच्या वैद्यकसंस्थेचे सुमारे वीस वर्षांचे सभासद असल्यामुळे त्यांना उघडपणे काढणे संस्थेला अवघड गेले. म्हणून तिने स्वतःचेच विसर्जन केले आणि काही महिन्यांनी पुन्हा स्थापना करताना शदीद यांना तेवढे वगळले. त्यांचा परवाना रद्द करविण्याचे प्रयत्न झाले आणि रुग्णालयासाठी बाहेरच्या राज्यांतून येऊ पाहणाऱ्या डॉक्टरांनाही परवाने मिळेनात. रुग्णालय टिकले ते शेतकऱ्यांच्या संघटित बळावर.

येथे हे लक्षात घेतले पाहिजे की, जिल्ह्याच्या संस्थेबाहेर पडणे याचा अर्थ केवळ मानाला मुकणे एवढाच नव्हता. सभासद नसलेल्या डॉक्टरकडे इतर डॉक्टर रोगी पाठवीत नसत. सल्लामसलतीला कोणी येत नसे. त्यातच असोसिएशनने १९३४ साली असा ठराव केला की, उमेदवार डॉक्टरांच्या प्रशिक्षणासाठी मान्यता हवी असलेल्या रुग्णालयांनी आपल्या वैद्यकवर्गात स्थानिक वैद्यकसंस्थेच्या सभासदांनाच घ्यावे. रुग्णालयाचे दार बंद झालेला शल्यविशारद हा हत्याराविना कारागीर होय. अशा रीतीने एका खासगी संस्थेच्या सभासदत्वाला कायद्याच्या परवान्याइतकेच, किंबहुना अधिकच, महत्त्व प्राप्त झाले.

५

याच सुमारास एका मोठ्या चौकशीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. वैद्यकीय खर्चाचा विचार करण्यासाठी १९२७ साली एक समिती स्थापन झाली होती. अध्यक्षस्थानी रे लायमन विल्बर हे होते. ते स्वतः डॉक्टर, असोसिएशनचे माजी अध्यक्ष आणि पुढे राष्ट्राध्यक्ष हूव्हर यांच्या मंत्रिमंडळातील सदस्य. पाच वर्षांत समितीने पंचवीसांहून अधिक अभ्यासग्रंथ प्रसिद्ध केले आणि १९३२ च्या अखेरीस अंतिम अहवाल सादर केला. आजारपणाचा खर्च कुटुंबाकुटुंबांत अतिशय विषम रीतीने पडतो, तो कोणत्या वर्षी कोणावर पडेल हे आधी सांगता येत नाही आणि म्हणून तो समूहावर वाटला पाहिजे, हे तिच्या प्रतिपादनाचे सार. उपाय म्हणून बहुमताने दोन मुख्य शिफारशी केल्या : वैद्यकीय सेवा रुग्णालयांभोवती संघटित झालेल्या डॉक्टरांच्या गटांनी द्यावी आणि तिचा खर्च विमा, कर किंवा दोहोंच्या द्वारे समूहाने उचलावा. विमा ऐच्छिक असावा, असेच बहुमत होते; सक्तीच्या विम्याची शिफारस तिने केली नाही. इतक्या सौम्य अहवालालाही समितीतील बहुतेक व्यवसायी डॉक्टरांनी अल्पमताची जोड देऊन विरोध केला. सामान्य डॉक्टराला त्याचे मध्यवर्ती स्थान परत द्यावे आणि संस्थांनी डॉक्टर पदरी ठेवण्याची पद्धत बंद करावी, असे त्यांचे म्हणणे होते. असोसिएशनच्या मुखपत्राने तर बहुमताच्या योजनेवर साम्यवादाचा ठपका ठेवला. १९३४ साली असोसिएशनने दहा तत्त्वे जाहीर केली. डॉक्टर निवडण्याचे स्वातंत्र्य आणि डॉक्टर व रोगी यांच्यामध्ये तिसऱ्याचा हस्तक्षेप नसणे, ही त्यांतील प्रमुख.

६

या तत्त्वांची कसोटी राजधानीच्या शहरी लागली. १९३७ साली गृहकर्जाचे काम पाहणाऱ्या सरकारी खात्यातील नोकरांनी वॉशिंग्टन येथे ‘ग्रुप हेल्थ असोसिएशन’ ही सहकारी संस्था काढली. सभासदांनी मासिक वर्गणी द्यावयाची आणि संस्थेने पगारी डॉक्टरांच्या गटाकडून उपचार करवून घ्यावयाचे, अशी तिची घटना होती. स्थानिक वैद्यकसंस्थेने तिच्या डॉक्टरांवर शिस्तभंगाची कारवाई केली, त्यांच्याशी सल्लामसलत करण्यास आपल्या सभासदांना मनाई केली आणि शहरातील रुग्णालयांनी त्यांना प्रवेश देऊ नये यासाठी दडपण आणले. संस्थेचा सभासद शस्त्रक्रियेसाठी रुग्णालयात जाऊ शकत होता. त्याचा शल्यविशारद मात्र तेथे जाऊ शकत नव्हता. निवडीच्या स्वातंत्र्याच्या नावाने रोग्याने निवडलेल्या डॉक्टरलाच दाराबाहेर ठेवण्याचा हा प्रकार होता.

सरकारच्या न्यायखात्याने १८९० च्या शर्मन कायद्याचा आधार घेतला. हा कायदा व्यापारातील मक्तेदारी व संगनमत यांच्याविरुद्ध होता. खटल्यामागील मुख्य प्रेरणा थर्मन आर्नल्ड या सहायक महान्यायवादींची. डिसेंबर १९३८ मध्ये असोसिएशन, वॉशिंग्टनची वैद्यकसंस्था व काही डॉक्टर यांच्यावर आरोपपत्र दाखल झाले. वैद्यक हा ‘व्यापार’ नसल्यामुळे कायदा लागू होत नाही, असे म्हणून जिल्हा न्यायालयाने १९३९ साली ते फेटाळले; अपील न्यायालयाने १९४० साली तो निर्णय फिरविला. १९४१ साली ज्यूरीने व्यक्तींना निर्दोष व दोन्ही संस्थांना दोषी ठरविले. राष्ट्रीय असोसिएशनला अडीच हजार डॉलर व स्थानिक संस्थेला दीड हजार डॉलर दंड झाला. १८ जानेवारी १९४३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही शिक्षा कायम केली.

या निर्णयाचा अर्थ पुष्कळदा गरजेपेक्षा व्यापक केला जातो. वैद्यकव्यवसाय हा व्यापार आहे की नाही, या प्रश्नाचे उत्तर न्यायालयाने दिलेच नाही. सभासदांसाठी उपचारांची सोय करणाऱ्या सहकारी संस्थेचे काम हा व्यापार आहे आणि त्यात संगनमताने अडथळा आणणारा मग डॉक्टर असो वा अन्य कोणी, तो कायद्याच्या कक्षेत येतो, एवढेच न्यायालयाने म्हटले. दंडाची रक्कमही मोठी नव्हती. तथापि जिल्ह्याच्या वैद्यकसंस्थेची शिस्त ही तिची अंतर्गत बाब आहे, ही समजूत या निर्णयाने मोडीत काढली.

पुढील घटनांचा केवळ निर्देश पुरे होईल. डॉक्टर सिडनी गारफील्ड यांनी १९३३ साली कॅलिफोर्नियाच्या मोहावी वाळवंटात पाटबंधाऱ्याच्या कामगारांसाठी बारा खाटांचे रुग्णालय काढले होते. उद्योगपती हेन्री कायझर यांच्या धरणांच्या व जहाजबांधणीच्या कामांतून त्याचा विस्तार झाला आणि १९४५ साली ती योजना सर्वसामान्य जनतेला खुली झाली. १९४७ साली न्यूयॉर्कमध्ये व सिॲटल येथे अशाच मोठ्या योजना निघाल्या. सिॲटलमधील संस्थेला १९५१ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात जाऊन पुन्हा तोच हक्क मिळवावा लागला. १९७३ च्या संघीय कायद्याने अशा संस्थांना उत्तेजन दिले. डॉक्टरांच्या जाहिरातीवरील असोसिएशनची बंदी संघीय व्यापार आयोगाने १९७९ साली बेकायदा ठरविली व १९८२ साली तो आदेश कायम झाला. म्हणजे १८४७ पासून चालत आलेला एक नियम एकशे पस्तीस वर्षांनी संपला.

७

या इतिहासात एक बाजू सर्वस्वी स्वार्थी व दुसरी सर्वस्वी परोपकारी, असे चित्र रंगविण्याचा मोह होणे साहजिक आहे. पण पुराव्याशी ते जुळत नाही. रेल्वे व खाणकंपन्यांनी नेमलेल्या डॉक्टरांचा अनुभव व्यवसायाच्या डोळ्यांपुढे होता. तेथे कामगाराला कंपनीचाच डॉक्टर पत्करावा लागे, वर्गणी पगारातून परस्पर कापली जाई, आणि अपघाताची नुकसानभरपाई ठरविण्याच्या वेळी त्या डॉक्टरची निष्ठा कोणाकडे असणार, हे सांगावयास नको. कंत्राटांसाठी डॉक्टरांची आपसांत चढाओढ होऊन फी घसरत असे. ‘तिसऱ्याचा हस्तक्षेप नको’ या तत्त्वामागे ही खरी भीती होती. शिवाय गटाचा वर्गणीदार गटाबाहेरच्या डॉक्टरकडे गेल्यास त्याला दुहेरी खर्च पडे, हेही खरेच.

मात्र विरोधकांच्या युक्तिवादात एक मूलभूत उणीव होती. स्वातंत्र्य म्हणजे पर्यायांची संख्या, असे त्यांनी गृहीत धरले. परंतु निवडीसाठी तीन गोष्टी लागतात : माहिती, ती समजण्याची पात्रता आणि खर्च सोसण्याची ऐपत. माहिती जाहिरातबंदीने अडविली होती, पात्रता विशेषज्ञांच्या वाढत्या संख्येपुढे अपुरी पडत होती आणि १९२९ नंतरच्या मंदीत ऐपत कोट्यवधी कुटुंबांजवळ उरली नव्हती. अशा स्थितीत एल्क सिटीच्या शेतकऱ्याला पूर्वी जे स्वातंत्र्य होते ते नावापुरतेच. त्याने सहकारी रुग्णालयाचा भाग घेतला तेव्हा त्याने व्यक्तीऐवजी संस्था निवडली. ही देखील निवडच होती आणि तीच त्याला नाकारली जात होती.

दोन टोकांच्या मधला मार्गही इतिहासात आढळतो. इंग्लंडच्या १९११ च्या राष्ट्रीय विमा कायद्याने डॉक्टरांची स्थानिक यादी, म्हणजेच पॅनेल, ठेवून विमेदार कामगाराला त्यातून आपला डॉक्टर निवडण्याची मुभा दिली. मुंबईत १९५४ साली राज्य कामगार विमा योजना सुरू झाली तेव्हा खासगी डॉक्टरांच्या पॅनेलचाच अवलंब करण्यात आला आणि गिरणगावात ‘पॅनेल डॉक्टर’ हा शब्द रुळला. या पद्धतीत समूहाने खर्च उचलण्याचे तत्त्व आले, डॉक्टरची निवड कामगाराकडे राहिली. पण प्लमर यांच्या कपाटातील एकत्रित टिपणे व सहकाऱ्यांचा परस्परांवरील अंकुश, हे गटाचे लाभ तिला सहजासहजी मिळण्याजोगे नव्हते.

या वादाची मुख्य साधने म्हणजे न्यायालयीन कागदपत्रे, समितीचे अहवाल, व्यावसायिक संस्थांची मुखपत्रे आणि शदीद यांच्यासारख्यांची आत्मकथने ही होत. यांपैकी प्रत्येक साधन कोणत्या ना कोणत्या पक्षाने निर्माण केलेले आहे. ज्याच्या निवडीबद्दल हे सर्व भांडण झाले त्या रोग्याचा आवाज त्यांत क्वचितच ऐकू येतो. दरमहा दोन डॉलर देणाऱ्या लॉस एंजेलिसच्या नोकराला किंवा रुग्णालयाच्या दारापासून आपल्या डॉक्टरला परत जाताना पाहणाऱ्या वॉशिंग्टनच्या कारकुनाला काय वाटले असेल, हे वर्गणीदारांच्या नोंदी व साक्षींच्या तपशिलातूनच हाती लागण्याचा संभव आहे. त्या दिशेने संशोधन झाल्याखेरीज या प्रकरणाचा इतिहास डॉक्टरांच्या दोन पक्षांचा इतिहास एवढाच राहील.